इंजिनाचा कारभारी

भिलाईहून नागपूरकडे जाणारा महामार्ग छत्तीसगडातील मराठी कुटुंबांच्या पायाखालचा आहे. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यातच मोडत होता. त्यामुळे सोयरिकी, शिक्षण, दवाखाने आणि बाजारहाट यांचे धागे नागपूरशी जुळलेले राहिले, आणि राज्यांच्या सीमा बदलल्या तरी ते तुटले नाहीत. लग्नकार्य असो, आजारपण असो की दिवाळीचे माहेरपण असो, राजनांदगाव मागे टाकावयाचे, बाघनदी ओलांडावयाची आणि देवरी-साकोलीच्या रानातून भंडाऱ्याची वाट धरावयाची, हा क्रम ठरलेला. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. स्वतःची मोटार असली म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या पंगतीला पोहोचतो.

अशा या रस्त्यावर, मे महिन्याच्या भर दुपारी, घरातील पाच माणसांना घेऊन धावणारी एखादी मोटार एकाएकी निर्जीव होते. इंजिनाचा आवाज थांबतो, अनेक गाड्यांत स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांपुरतेच उरते. मागून मालट्रक येत असतात. गाडी कशीबशी कडेला घेतली जाते. अर्धा घटका झाडाखाली काढून किल्ली फिरवावी, तर जणू काही झालेच नव्हते अशा थाटात इंजिन सुरू होते! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेले असता गाडी कोणतीही खोड दाखवीत नाही. असे तीनचारदा घडले की कोणीतरी निर्णय देऊन मोकळा होतो, ‘ईसीएम गेला. नवा बसवा.’

हा ईसीएम, म्हणजेच इंजिन कंट्रोल मॉड्यूल, आजच्या प्रत्येक मोटारीत असतो. काही कारागीर त्याला ईसीयू म्हणतात. बाहेरून पाहता ती पोथीएवढ्या आकाराची एक ॲल्युमिनियमची वा प्लॅस्टिकची पेटी दिसते. तिला शेकडो सुया असलेली एक-दोन जोडणी-टोके बसविलेली असतात. या पेटीला इंजिनाचा नियंत्रक म्हणावे. तिची किंमत हजारो रुपयांच्या घरात जाते, आणि ती एकदा विकत घेऊन बसविली की विक्रेता सहसा परत घेत नाही. म्हणूनच ती केव्हा बदलावी, केव्हा बदलू नये आणि बदलावयाचीच झाली तर कशी बदलावी, हे कळणे वाहनधारकाच्या हिताचे आहे.

ही पेटी मोटारीत आली कशी, ते आधी पाहिले पाहिजे. पूर्वीच्या मोटारीत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळीत असे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तीही कार्ब्युरेटरचीच. या यंत्रणेचा गुण असा, की कुशल मिस्त्री कानाने ऐकून आणि पेचकस चौथाई फेरा फिरवून इंजिन ताळ्यावर आणू शके. तिचा दोष असा, की तिचे माप ढोबळ होते. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. धुरातील विषारी वायूंचे निर्दोष वायूंत रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे प्रमाण काटेकोरपणे राखले गेले तरच नीट काम करतो. क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगात आणि भारात ते राखणे पेचकसाच्या आवाक्यातील नव्हते.

परदेशात या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले गेले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसविली. पुढे १९७९ मध्ये त्याच कंपनीने इंधन आणि ठिणगी ही दोन्ही खाती एकाच संगणकाच्या हाती सोपविली. भारतात प्रदूषणाचे नियम जसजसे कडक झाले, तसतसा कार्ब्युरेटर मोटारीतून हद्दपार झाला. २००० नंतरच्या काळात इंजेक्शनची इंजिने सर्रास झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर तर दुचाकीवरही असा नियंत्रक आला.

त्याचे काम एखाद्या जुन्या संस्थानच्या कारभाऱ्यासारखे आहे. कारभारी स्वतः शेतावर जात नाही आणि वसुलीलाही जात नाही. तो कचेरीत बसतो, हेर-हरकारे आणतील त्या वार्ता ऐकतो आणि हुकूम सोडतो. नियंत्रकाचे हरकारे म्हणजे सेन्सर. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर इंजिन किती वेगाने फिरते आणि दट्ट्या कोठे आहे हे कळवितो. दुसरा आत येणाऱ्या हवेचा दाब सांगतो, तिसरा पाण्याचे तापमान सांगतो, चौथा पायाखालचे ॲक्सिलरेटर किती दाबले गेले ते सांगतो आणि धुराच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर ज्वलन पूर्ण झाले की नाही याचा दाखला देतो. या वार्ता ऐकून नियंत्रक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडावा आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडावी याचा हुकूम देतो. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात असे हुकूम सेकंदाला शंभर वेळा सुटतात.

या उपमेतच निदानाची किल्ली आहे. हरकाऱ्याने खोटी वार्ता आणली तर शहाण्या कारभाऱ्याचाही हुकूम चुकतो. वार्ता वाटेतच अडली तर त्याला हुकूमच देता येत नाही. आणि कारभाऱ्याची शिधासामग्रीच तुटली, म्हणजे नियंत्रकाला पुरेसा विद्युत्प्रवाह मिळाला नाही, तर तो मेल्यासारखा पडून राहतो, परंतु मेलेला नसतो. या तिन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. इंजिन बंद पडते, अडखळते किंवा सुरूच होत नाही. मग लोक कारभाऱ्याला बडतर्फ करतात.

महामार्गावर बंद पडलेल्या त्या मोटारीचेच पाहावे. तापल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, हे लक्षण बिघडत चाललेल्या नियंत्रकाचे असू शकते हे खरे. त्याच्या आतील पट्टीवरील डाखाचे सांधे वर्षानुवर्षे तापून निवतात, हादरे खातात, आणि त्यांत केसासारखी बारीक चीर पडते. उष्णतेने धातू प्रसरण पावला की चीर उघडते आणि निवला की मिटते. पण हेच लक्षण क्रँकशाफ्टच्या सेन्सरचेही आहे. त्याच्या आतील तारेचे वेटोळे तापून तुटक झाले, की इंजिन फिरत असल्याची वार्ता नियंत्रकापर्यंत पोहोचत नाही. मग इंजिन थांबले आहे असे समजून तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. हीच खोड मुख्य रिलेची असते, हीच पेट्रोल पंपाचीही असते. सेन्सर आणि रिले या वस्तू नियंत्रकाच्या मानाने स्वस्त असतात. चारांपैकी अपराधी कोण हे ठरविल्यावाचून सर्वांत महाग वस्तू आधी बदलणे, याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

भिलाईच्या माणसाला ही गोष्ट वेगळ्या भाषेत सांगावयाची तर पोलाद कारखान्याकडे बोट दाखवावे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीच्या पोटात काय चालले आहे ते कोणालाही उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही. भट्टीच्या भिंतीतील तापमापके, झोताचा दाब आणि माथ्यावरून निघणाऱ्या वायूचे पृथक्करण, यांवरूनच आतील हालहवाल ताडावी लागते. एखादे तापमापक एकाएकी भलताच आकडा दाखवू लागले, तर जाणता माणूस भट्टी विझवावयास धावत नाही. शेजारचे तापमापक काय म्हणते ते तो पाहतो, तार तपासतो आणि मगच भट्टीविषयी मत बनवितो. मोटारीच्या इंजिनाबाबत शिस्त हीच आहे. फक्त भट्टी लहान आहे.

तपासाचा आरंभ बॅटरीपासून होतो. विश्रांतीत असलेल्या निरोगी बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा आणि इंजिन चालू असता तो साधारणपणे साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट भरावा. त्यानंतर नियंत्रकाच्या जोडणी-टोकापाशीच वीज आणि अर्थिंग मोजावयाचे. या मोजणीत एक मेख आहे. गंजलेल्या अर्थिंगच्या तारेचा एखादाच धागा शाबूत असला तरी मल्टीमीटर पूर्ण व्होल्ट दाखवितो, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. म्हणून त्या तारेवर छोटा दिवा जोडून, म्हणजे भार टाकून, दाब किती पडतो ते पाहावे लागते. अर्थिंगच्या वाटेत दशांश-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक घट आढळली, तर दोष तेथे आहे. बॉडीला जेथे अर्थिंगचा बोल्ट बसतो, ती जागा घासून स्वच्छ करून तो आवळला की ‘मेलेले’ कित्येक नियंत्रक पुन्हा जिवंत होतात.

पुढची पायरी पाच व्होल्टची. नियंत्रक आपल्या अनेक सेन्सरांना स्वतःकडून नेमका पाच व्होल्टचा पुरवठा करतो. त्यांपैकी एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर तो सर्वांचाच पुरवठा ओढून घेतो. स्कॅनरवर एकदम चार-पाच सेन्सरांच्या तक्रारी झळकतात आणि पाहणाऱ्याला वाटते की मूळच आटले. उपाय सोपा आहे. मीटर त्या तारेवर ठेवून सेन्सर एकामागून एक सोडवीत जावे. ज्याचे टोक निघताच पाच व्होल्ट परत येतील, तो चोर. त्याचबरोबर वायरिंगची दोरीही हाताळून पाहावी. उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. या एका प्राण्याच्या अपराधाची शिक्षा किती नियंत्रकांनी भोगली असेल, याची गणना नाही.

नियंत्रकाचा अपराध शाबित होतो तो एकाच रीतीने. वीज बरोबर, अर्थिंग बरोबर, पाच व्होल्टचा शॉर्ट नाही, सेन्सरची वार्ता त्याच्या सुईपर्यंत नीट पोहोचते, इंजेक्टर आणि कॉइल धड आहेत, आणि तरीही हुकूम बाहेर पडत नाही, असे दिसले म्हणजे दुसऱ्या कोणावर संशय उरत नाही. नियंत्रक स्वतःचीही परीक्षा घेत असतो. पी ०६०१ पासून पी ०६०६ पर्यंतचे सांकेतिक दोषांक बहुतांशी त्याच्याच स्मृतीतील किंवा गणकातील बिघाडाची कबुली देतात. मात्र कबुलीजबाब घेतानाही बॅटरी अशक्त नव्हती ना, हे पाहावे. दाब कोसळला असता शुद्ध हरपलेल्या माणसाप्रमाणे नियंत्रकही भलतेसलते बोलतो.

नियंत्रक खरोखर मरतो तेव्हा बहुधा त्याला कोणीतरी मारलेले असते. भिलाईत पावसाळा जोराचा. समोरच्या काचेखालची पाणी जाण्याची छिद्रे पाल्यापाचोळ्याने बुजली की पाणी आत झिरपते, आणि अनेक गाड्यांत नियंत्रक नेमका त्याच बाजूला बसविलेला असतो. सुयांवर हिरवट गंज चढतो. उन्हाळ्यात हवाच पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, तेथे बॉनेटखालच्या तापमानाची कल्पनाच केलेली बरी. परंतु ऋतूंपेक्षा माणसाचा हात अधिक घातक ठरतो. महामार्गावर बॅटरी उतरली म्हणून उभ्या असलेल्या मालट्रकवरून तारा जोडून मोटार सुरू करण्याचा मोह होतो. मालट्रकची विद्युत्-यंत्रणा बहुधा चोवीस व्होल्टची आणि मोटारीची बारा व्होल्टची. एका क्षणात नियंत्रक जळू शकतो. बॅटरीच्या तारा उलट लावल्या तरी तीच गत. बॉडीचे वेल्डिंग करताना बॅटरी न सोडविणे हाही असाच एक प्रमाद. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्ट चढले, किंवा एखादी कॉइल शॉर्ट होऊन तिने नियंत्रकातील ट्रान्झिस्टर जाळला, तर त्या मूळ कारणाचा बंदोबस्त केल्यावाचून नवी पेटी बसविणे म्हणजे दुसरा बळी देणे होय.

आता बदलण्याचा प्रसंग. प्रथम जुन्या नियंत्रकाशी संवाद होत असेल तर त्यातील दोषांक, गाडीचा सतरा अक्षरी ओळखक्रमांक आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक उतरून घ्यावा. मग किल्ली काढून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि साठलेला विद्युत्भार उतरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. कारागिराने गाडीच्या धातूला हात लावून अंगची स्थिर वीज घालवावी. जोडणी-टोकाचा अडणा उचलून ते अलगद काढावे; ओढाताण केल्यास सुई वाकते आणि नवा दोष जन्माला येतो. उघड्या सुयांना बोट लावू नये. बाहेरून दिसणारे साम्य फसवे असते, म्हणून नव्या पेटीवरील भागक्रमांक जुन्याशी अक्षरशः ताडून पाहावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि प्रदूषण-नियमांगणिक निराळे नियंत्रक असतात. नवी पेटी मूळच्याच जागी, मूळच्याच पेचांनी बसवून ऋण टोक शेवटी जोडावे.

येथे हातांचे काम संपते आणि खरे काम सुरू होते. नवा कारभारी अद्याप या घरचा झालेला नसतो. त्याच्यात त्या गाडीचे सॉफ्टवेअर भरावे लागते, ओळखक्रमांक लिहावा लागतो आणि किल्लीशी त्याची ओळख करून द्यावी लागते. चोरीला आळा घालण्यासाठी आजच्या किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. तिचा संकेत जुळला नाही तर इंजिन सुरू होत नाही, किंवा क्षणभर सुरू होऊन थांबते. सॉफ्टवेअर भरत असताना बॅटरीला स्थिर आधार देणारा चार्जर जोडलेला असावा. मध्येच दाब पडला तर नवी कोरी पेटीही निकामी होऊ शकते. पुष्कळ गाड्यांत यानंतर थ्रॉटलला त्याची शून्याची जागा पुन्हा शिकवावी लागते. शेवटी गाडी तापेपर्यंत, हळू, जलद, चढावर आणि गर्दीत चालवून दोषांक परत येतो की नाही ते पाहावयाचे. जुनी पेटी मात्र लगेच भंगारात देऊ नये. नवीने समाधानकारक काम केल्याची खात्री पटेपर्यंत तीच एकमेव पुरावा असते.

नवी पेटी परवडत नाही तेव्हा दोन वाटा उरतात. एक म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीची पेटी. तिच्यात दुसऱ्या गाडीची ओळख आणि दुसऱ्या किल्लीचा संकेत असतो. जाणकाराने जुन्या पेटीच्या स्मृतीतील मजकूर तिच्यात उतरविला तरच ती उपयोगी पडते, आणि ती कोठून आली याची पावती नसेल तर ती न घेणेच शहाणपणाचे. दुसरी वाट दुरुस्तीची. फुगलेला कपॅसिटर, जळलेला ट्रान्झिस्टर, चिरलेला डाख, एवढेच निमित्त असेल तर सूक्ष्म डाखकाम जाणणारा तंत्रज्ञ ते बरे करतो, आणि अशा दुरुस्तीत पेटीची ओळख शाबूत राहते हा मोठाच लाभ. मुख्य गणकच गेला असेल, तर मात्र आशा सोडावी.

या सर्व प्रकरणात लहान गॅरेजच्या मिस्त्रीची अवस्था विचार करण्याजोगी आहे. सुपेला-पॉवर हाऊसच्या बाजूने रस्त्याकाठी ज्यांनी अर्धे आयुष्य इंजिने उघडण्यात घालविले, त्यांचे कान अजून तयार आहेत; पण सर्किटचे नकाशे आणि सॉफ्टवेअरची कुलपे गाडी बनविणाऱ्यांच्या हाती आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही माहिती स्वतंत्र कारागिरांनाही मिळावी असा कायदा २०१२ मध्ये केला. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, आणि मोटारींचा समावेश तिच्या कक्षेत केला. मिस्त्रीला नकाशा मिळाला नाही, तर तो अंदाजाने पेटी बदलतो. अंदाज चुकला तर भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो.

आणि पैशाचा भुर्दंड हा त्यांतल्या त्यात लहान. निर्दोष पेटी काढून नवी बसविली, योगायोगाने आठवडाभर गाडी नीट चालली आणि सर्वांना वाटले की रोग बरा झाला, तर अपराधी सेन्सर इंजिनाच्या कुशीत तसाच बसून राहतो. घरची माणसे निर्धास्त होऊन पुन्हा नागपूरला निघतात. दुपार चढते, इंजिन तापते, पुढे देवरीचे रान असते आणि मागे मालट्रकांची रांग. म्हणून गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना वाहनधारकाने एकच प्रश्न विचारावा. पेटी नवी बसविली का, हा तो प्रश्न नव्हे. जुनी पेटी दोषी होती हे कोणत्या मोजणीने ठरले, हे विचारावे. आणि उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत लांबचा प्रवास पुढे ढकलावा.